वॉरक्राफ्ट १ आणि २ : कुठल्या बखरीवर विश्वास ठेवायचा?

ढालकाठी

नमस्कार मंडळी. दादरच्या आमच्या सात-आठ जणांच्या गटाने ठरवलंय की ‘वॉरक्राफ्ट : ऑर्क्स अँड ह्यूमन्स’ (१९९४) आणि ‘वॉरक्राफ्ट २ : टाइड्स ऑफ डार्कनेस’ (१९९५) हे संगणकावरचे दोन्ही युद्धखेळ एका दमात, निव्वळ युद्धकथा म्हणून खेळायचे. त्यावर दोन प्रश्न.

पहिला : युद्धाची गोष्ट कुठल्या भागात जास्त चांगली सांगितली आहे?

दुसरा, कामाचा : पहिल्या भागात माणसांची १२ आणि ऑर्कची (माणसांशी लढणारी राक्षसी जमात) १२ मिशन आहेत, दुसऱ्यात १४ आणि १४. एकूण ५२. यातली बरीच एकमेकांना खोटं पाडतात. पहिल्या भागात माणसांकडून खेळलात तर ऑर्कचा किल्ला ब्लॅकरॉक स्पायर पडतो, ऑर्ककडून खेळलात तर माणसांचं स्टॉर्मविंड शहर पडतं. मग एकच सलग गोष्ट हवी असेल तर कुठल्या क्रमाने खेळायचं?

माझं मत पहिल्या भागाच्या बाजूने आहे. युद्ध छोटं आहे, एकाच राज्यात घडतं, आणि कोण कशासाठी लढतंय ते नकाशावरच कळतं. दुसऱ्या भागात राज्यं सात, बेटं ढीगभर, पण माणसं हरवली आहेत असं वाटतं.

सुपारीबाग

छान विषय. वाचनखूण साठवली आहे.

खारीगाव_फाटक

‘माणसं हरवली’ हे पटलं नाही. तुम्ही फक्त मिशन बघताय. मॅन्युअल वाचलं नाही तर या दोन्ही खेळांची अर्धी गोष्ट हातातून जाते, कारण मॅन्युअल म्हणजे चक्क बखरी आहेत.

त्या कोणी सांगितल्या आहेत तेही पाहा. पहिल्या भागातली ऑर्कची हकीकत गरोना सांगते. अर्धी ऑर्क, हेर, आणि पुढे माणसांच्या राजा लेनचा खून करणारी. दुसऱ्या भागातली ऑर्कची हकीकत खुद्द गुलदान हा ऑर्क मांत्रिक पहिल्या पुरुषात सांगतो, म्हणजे ज्याने स्वतःच्याच सरदाराला दगा दिला तो. दोन्ही वेळी कथन त्या युद्धातल्या सर्वांत फितूर पात्राच्या हाती दिलं आहे. मारेकऱ्याने आणि फितुराने लिहिलेली बखर वाचून आपण मोहिमेवर निघतो. १९९४-९५ च्या खेळात एवढा विचार केलेला होता, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

ढालकाठी, म्हणून तुमच्या गटाला आधी दोन्ही मॅन्युअल मोठ्याने वाचायला लावा, नंतर खेळ सुरू करा.

तांबट_आळी

मी ढालकाठींच्या बाजूने, पण कारण वेगळं.

पहिल्या भागात एका वेळी चारच युनिट (शिपाई किंवा कामकरी) निवडता येतात. घरं-बराकी बांधायच्या तर आधी टाउन हॉलपासून रस्ता टाकावा लागतो, रस्त्याला न लागलेली इमारत उभी राहत नाही. उजव्या क्लिकने ‘जा, मार, लाकूड तोड’ असं आपोआप होत नाही, एम दाबून चाल आणि ए दाबून हल्ला सांगावा लागतो. नकाशा ६४ बाय ६४ चौकटींचा. यामुळे वीस जणांची फौज म्हणजे पाच तुकड्या आणि पाच वेगळे हुकूम. एक तुकडी मागे राहिली की पुढची मार खाते. त्यामुळे प्रत्येक फूटमनची (साध्या पायदळ शिपायाची) किंमत कळते.

दुसऱ्या भागात एका वेळी नऊ युनिट निवडता येतात आणि नकाशा १२८ बाय १२८ पर्यंत जातो, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. लढाई सोपी हाताळता येते, पण एकेक शिपाई दिसेनासा होतो.

पहिल्या भागातलं डेड माइन्सचं मिशन घ्या. बांधकाम नाही, सोनं नाही, कुमक नाही. जेवढी माणसं दिली तेवढीच. माणसांकडून खेळताना तिथे कैदेत पडलेल्या लॉथरला, माणसांच्या सेनानीला, सोडवायचं असतं. ऑर्ककडून खेळताना ऑर्कचा सरदार ब्लॅकहँड याची स्वतःची मुलगी ग्रिसेल्डा ओगर (दांडगे राक्षस) टोळीबरोबर पळून जाऊन त्याच खाणीत लपलेली असते आणि बापाच्या हुकमाने तिला मारायचं असतं. जागा तीच, काम एकाचं सुटकेचं आणि दुसऱ्याचं खुनाचं. दोन्ही समाजांतला फरक एवढ्या थोडक्यात दुसऱ्या भागाने कुठेच सांगितलेला नाही.

खेळताना चूक होते ती अशी : सगळे चौकात एकदम शिरतात. तसं करू नये. दोघांना बोळाच्या तोंडाशी उभं करायचं, लांबून मारणारे त्यांच्या मागे, आणि एकाला पुढे पाठवून शत्रू एकेक करून ओढून आणायचा. बोळात समोरून एक-दोघेच भिडू शकतात.

माझगाव_गोदी

तांबट, डेड माइन्सबद्दल पूर्ण सहमत. पण दुसऱ्या भागाची खरी गोष्ट समुद्र आहे आणि तो विषय अजून कोणी काढलाच नाही.

पहिल्या युद्धात हरलेली माणसं गलबतांतून पळून लॉर्डेरॉन या दुसऱ्या राज्यात येतात. लॉथर त्यांचा म्होरक्या. म्हणून दुसऱ्या युद्धाची सुरुवातच किनाऱ्यावर होते : हिल्सब्रॅड, साउथशोर, झुलडेअर. आणि म्हणून खेळात सोनं आणि लाकूड यांच्या जोडीला तिसरं साधन आलं, तेल. गोष्टीला समुद्र हवा होता आणि खेळाने त्याची किंमत लावली.

हिशोब बघा. शिपयार्ड ८०० सोनं, ४५० लाकूड. टँकर ४०० सोनं, २०० लाकूड. तेलाचा प्लॅटफॉर्म ७०० सोनं, ४५० लाकूड. इथपर्यंत तेलाचा थेंब हातात नाही. मग डिस्ट्रॉयर ७०० सोनं, ३५० लाकूड, ७०० तेल. बॅटलशिप १००० सोनं, ५०० लाकूड, १००० तेल.

ट्रान्सपोर्ट ६०० सोनं, २०० लाकूड, ५०० तेल आणि त्यात बसतात सहा. सहा नाइट (घोडेस्वार) म्हणजे ४८०० सोनं आणि ६०० लाकूड. ट्रान्सपोर्ट बुडाला की आतले सहाही गेले. तोल बिघडतो तो इथेच : नवखे खेळाडू तीन ट्रान्सपोर्ट गच्च भरून सरळ किनाऱ्याकडे काढतात. किनाऱ्यावर कॅनन टॉवर असेल तर त्याचा पल्ला ७, बॅटलशिपचा ६. म्हणजे टॉवर आधी मारतो. बॅलिस्टाचा (मोठे बाण फेकणारं यंत्र) पल्ला ८, पण ती जमिनीवर उतरल्याशिवाय कामाची नाही. म्हणून आधी आडबाजूला, टॉवर नसलेल्या ठिकाणी दोन बॅलिस्टा आणि चार फूटमन उतरवायचे, त्यांनी टॉवर पाडायचे, मग मोठी फौज. सोबत एक फ्लाइंग मशीन हवंच. पाण्याखालची जायंट टर्टल (ऑर्कची पाणबुडी) डोळ्यांना दिसत नाही, आणि बॅटलशिप जे दिसत नाही त्यावर गोळा टाकत नाही.

आणि शत्रूच्या बॅटलशिपच्या मागे लागण्यापेक्षा त्याचे टँकर बुडवा. ग्रिम बाटोलच्या मिशनमध्ये तर उद्दिष्टच ऑर्कच्या तेलाच्या रिफायनऱ्या उडवण्याचं आहे. रसद तोडली की युद्ध संपतं हे या खेळाला नीट माहीत आहे.

कुलाबा_दांडी

अवांतर : माझगाव_गोदींचं वाचून खांदेरी आठवलं. १६७९ मध्ये महाराजांनी खांदेरीवर तटबंदी सुरू केली, बेटावर मायनाक भंडारी. मुंबईकर इंग्रजांनी जहाजं आणून वेढा घातला. मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्री उथळ पाण्यातून रसद नेत राहिल्या, आणि इंग्रजांच्या जड जहाजांना त्या अडवता आल्या नाहीत. बेट मराठ्यांकडेच राहिलं. पुढे १६८० मध्ये सिद्दीने शेजारची उंदेरी धरली.

वॉरक्राफ्ट २ मध्ये नेमकं हे करता येत नाही याची मला खंत आहे. पाण्याची खोली एकच, भरती-ओहोटी नाही, वारा नाही. खेळाच्या नावात भरती आहे आणि नकाशात नाही.

माझगाव_गोदी

खरं आहे. पण दृष्टिआड जाण्याची सोय आहे. दुसऱ्या भागात एकदा पाहिलेला मुलूखही आपलं माणूस तिथून हललं की धुक्यात जातो. त्यामुळे शत्रूच्या गस्तीची जहाजं कुठून वळतात ते मोजून मधल्या वेळात ट्रान्सपोर्ट काढता येतो. खांदेरीची थोडी चव येते.

फणसाची_वाडी

ढालकाठी म्हणतात दुसऱ्या भागात माणसं हरवली. अल्टरॅकचा (सात राज्यांपैकी एक) धागा नीट पकडला नाही तर तसं वाटणारच. माणसांच्या मोहिमेचा तिसरा अंक ओळीने बघा.

आठवं मिशन टायर्स हँड : अचानक शेतकऱ्यांचा उठाव. बाहेर ऑर्क उभे असताना आपलीच रयत का उठली? तेव्हा उत्तर मिळत नाही. पुढे दहाव्यात कैद्यांना बोटीतून न्यायचंय, त्यांत अल्टरॅकचा एक मांत्रिक. अकराव्यात कळतं की अल्टरॅकचा राजा पेरेनोल्ड आतून ऑर्कना मिळालेला आहे, आणि मग फूटमन विरुद्ध फूटमन, नाइट विरुद्ध नाइट. समोरच्या फौजेचा रंग तेवढा वेगळा.

चार मिशनभर खेळाडूला संशय घेत ठेवून मग फितुरी उघडी केली आहे. आणि ही फितुरी कोणी मोठ्याने समजावून सांगत नाही, मिशनच्या कामातून ती उलगडते. पहिल्या भागात असा लांब पल्ल्याचा धागा नाही. तिथे प्रत्येक मिशन स्वतंत्र घटना आहे.

तांबट_आळी

हे मान्य. अल्टरॅकचं मी विसरलो होतो, आणि ते विसरण्यासारखं नाही.

सोनचाफा_ठाणे

मला दोन्ही भागांमधला सांधा सर्वांत आवडतो. पहिल्या भागात ऑर्ककडे नेक्रोलाइट आणि वॉरलॉक हे मांत्रिक आहेत. दुसऱ्यात दोन्ही गायब, त्यांच्या जागी डेथ नाइट. खेळाडू म्हणेल, बदलली युनिटं, त्यात काय. पण मॅन्युअलमध्ये कारण आहे : डूमहॅमर या ऑर्कने ब्लॅकहँडला मारून सत्ता घेतली आणि वॉरलॉकांची कत्तल केली. गुलदानने जीव वाचवण्यासाठी नव्या योद्ध्यांचं वचन दिलं. उरलेल्या नेक्रोलाइटांचा बळी देऊन मेलेल्या वॉरलॉकांचे आत्मे स्टॉर्मविंडच्या मृत सरदारांच्या देहांत घातले. पहिला टेरॉन गोरफीन्ड. म्हणजे दुसऱ्या भागात समोर येणारा डेथ नाइट हा पहिल्या भागात तुम्हीच गमावलेला किंवा मारलेला सरदार असू शकतो.

ओगर मेजचंही (जादू येणारे ओगर) तसंच. ऑर्कच्या आठव्या मिशनमध्ये केअर डॅरोचा रूनस्टोन ताब्यात घ्यायचा. तो मिळाल्यावर त्याच्या जोरावर साधे ओगर ओगर मेज होतात. ऑर्कच्या दुसऱ्या मिशनमध्ये झुलजिनला सोडवलं म्हणून ट्रोल साथीला येतात, माणसांच्या दुसऱ्यात टॅरन मिलला एल्फ तिरंदाज वाचवले म्हणून एल्फ. बटण उघडतं ते गोष्टीमुळे. माझ्या दृष्टीने दुसरा भाग इथे पुढे जातो.

गणित_पक्कं

एक विसंगती नोंदवतो. नाइट आणि ओगर दोघेही ८०० सोनं, १०० लाकूड, जीव ९०. अगदी समसमान. वर चढल्यावर नाइटचा पॅलाडिन होतो, त्याला जखमा भरणारं हीलिंग, ओगर मेजला मार वाढवणारं ब्लडलस्ट. हीलिंगला प्रत्येक जीवबिंदूमागे ६ माना (जादूची शक्ती). भरलेला माना २५५, म्हणजे एक पॅलाडिन फार तर ४२ बिंदू भरून काढतो, तेही एकेकाला निवडून. ब्लडलस्टला ५० माना, म्हणजे एक ओगर मेज पाच जणांना चेतवतो आणि ते लगेच दणका द्यायला लागतात. मोठ्या लढाईत हीलिंगला वेळच मिळत नाही. म्हणून बरोबरीचे खेळाडू समोरासमोर बसले की ऑर्कचं पारडं जड.

आणि गोष्टीत मात्र दुसरं युद्ध माणसं जिंकतात. पहिल्या भागात हा प्रश्न कमी होता. तिथे साधे सैनिक जवळजवळ सारखे, तिरंदाजाचा पल्ला ५ आणि भालाईताचा ४, पण भालाइताचा मार थोडा जास्त. फरक एवढाच.

खारीगाव_फाटक

विसंगती आहे, पण उत्तर गोष्टीतच दिलंय. ऑर्क बळाने हरत नाहीत, फुटीने हरतात. लॉर्डेरॉनची राजधानी हाताशी आलेली असताना गुलदान आपली टोळी आणि चोगालची टोळी घेऊन सार्जेरासच्या थडग्याकडे निघून जातो. डूमहॅमरला फौज तोडून त्याच्यामागे पाठवावी लागते. ऑर्कचं बारावं मिशन तेच : ऑर्क विरुद्ध ऑर्क, भर समुद्रात. ते तुम्ही जिंकता, आणि त्याच विजयामुळे युद्ध हरता. खेळाडूला हे जिंकताना कळत नाही, दुसरी बाजू खेळल्यावर कळतं.

आता मूळ प्रश्नाकडे. खरं काय घडलं, म्हणजे पुढच्या खेळांनी काय धरलं, ते कुठल्याच एका बाजूचं नाही. पहिल्या युद्धाचा शेवट ऑर्कच्या मोहिमेतला खरा : स्टॉर्मविंड पडलं. पण जादूगार मेडिव्हचा वध माणसांच्या मोहिमेतला, आणि तोही खरा. दुसऱ्या युद्धाचा शेवट माणसांचा खरा : ऑर्क ज्यातून आले ते पोर्टल उद्ध्वस्त. पण गुलदानचा पाठलाग ऑर्कच्या मोहिमेतला. दोन्ही बखरी घेऊन त्यातून एक इतिहास विणलाय, आणि हरलेल्या बाजूचं म्हणणंही त्यात राहिलंय.

फणसाची_वाडी

दुसऱ्या भागातल्या ऑर्कच्या मोहिमेतलं दहावं, स्ट्रॅथोमचा विध्वंस, हे मात्र गाळा. २००२ च्या वॉरक्राफ्ट ३ मध्ये स्ट्रॅथोम नांदतं शहर आहे, राजपुत्र आर्थस तिथे पोचेपर्यंत. तेरावं डॅलरानचा वेढा आणि चौदावं लॉर्डेरॉनचं पतन, हीही घडलेली नाहीत.

ढालकाठी

सर्वांचे आभार. अल्टरॅक आणि डेथ नाइट वाचून माझं मत हललं आहे. ‘माणसं हरवली’ हे शब्द मागे घेतो. एकच अडतं : लॉथर. अख्ख्या दोन खेळांचा आधार असलेला माणूस, आणि दुसऱ्या भागात तो ब्लॅकरॉक स्पायरजवळ बोलणीला जातो आणि दगाफटक्याने मारला जातो, हे दोन मिशनच्या मधल्या मजकुरात उरकलंय. हे मला अजूनही लागतं.

सोनचाफा_ठाणे

मलाही. पुढच्या कथनांत तिथे डूमहॅमरशी समोरासमोर द्वंद्व केलं आहे. पण मूळ खेळातला दगा मला जास्त खरा वाटतो. तहाच्या बोलण्यात गेलेला माणूस परत येत नाही, आणि फौजेला दुसऱ्या दिवशी त्याच्याशिवाय पुढे जावं लागतं. लगेच पुढचं मिशन सुरू होतं, शोक करायला जागा नाही. तो तुटकपणा टोचतो, आणि टोचला तर बरंच आहे.

गणित_पक्कं

क्रम लिहून देतो. खारीगाव आणि फणसाची वाडी यांचं धरून.

पहिला भाग : माणसांची मोहीम सुरुवातीपासून मेडिव्हच्या मनोऱ्यापर्यंत, तिथे थांबा. मग ऑर्कची बाराही. नॉर्थशायर मठातून गरोनाला सोडवण्याचं मिशन त्यातच आहे, ते चुकवू नका, कारण पुढे राजाचा खून तीच करते.

दुसरा भाग : माणसं १ ते ४, ऑर्क २, माणसं ५ ते ७, ऑर्क ८, माणसं ८ ते ११, ऑर्क १२, माणसं १२ ते १४. एकूण १७. ऑर्क ११, क्वेलथालासचं, ऐच्छिक. एल्फांच्या जंगलाला आग लागली हे खरं आहे, पण मिशनच्या नावात म्हटलंय तसं राज्य पडलं नाही.

मधलंच मिशन उघडण्यासाठी : दुसऱ्या भागात कुठलंही मिशन चालू असताना एंटर, टायगरलिली असं इंग्रजीत जोडून टाइप करून एंटर. पुन्हा एंटर, मग ऑर्क हा शब्द आणि लगेच १२, मध्ये जागा न सोडता, एंटर. पहिल्या भागात आधी कॉर्विन ऑफ अँबर, तीन शब्द जागा सोडून, मग तसंच. अपग्रेड एका मिशनमधून दुसऱ्यात जात नाहीत, त्यामुळे मधून उघडल्याने काही बुडत नाही.

तांबट_आळी

जुनी आवृत्ती डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस खेळ चालवणारा प्रोग्राम) चालवणार असाल तर पहिल्या भागाचा नकाशा माउस कडेला नेताच सुसाट पळतो. कंट्रोल आणि एफ११ ने सायकल (म्हणजे वेग) कमी करा, कंट्रोल आणि एफ१२ ने वाढवा. माउस अडकला तर कंट्रोल आणि एफ१०. नोव्हेंबर २०२४ ची रीमास्टर आवृत्ती असेल तर यातलं काही लागणार नाही, युनिट निवडायची मर्यादाही वाढवलेली आहे. पण डेड माइन्समध्ये तरी चारचारच्या तुकड्या करून खेळून बघा.

ढालकाठी

क्रम उतरवून घेतला. दोन्ही मॅन्युअल छापून पहिल्या रविवारी वाचन, ऑर्कची बाजू शेवटी. डेड माइन्स दोन टेबलांवर एकाच वेळी लावतो, एकीकडे लॉथर, दुसरीकडे ग्रिसेल्डा.

माझगाव_गोदी

टोल बराडला पोचलात की टँकर आधी मोजा. निदान दोन हवेत, एक बुडाला तर दुसरा. आणि ट्रान्सपोर्टच्या पुढे डिस्ट्रॉयर ठेवा, मागे नको.